चारचौघांत जाण्याचं औषध

सांगलीत मानसोपचाराची प्रॅक्टिस सुरू केल्यावर एक गोष्ट फार लवकर लक्षात आली. चारचौघांची भीती असलेला माणूस त्या भीतीसाठी डॉक्टरकडे येतच नाही. छाती धडधडते म्हणून तो आधी हृदयरोगतज्ज्ञाकडे जातो. ईसीजी होतो, टू-डी इको होतो, सगळं नॉर्मल येतं. हात कापतो म्हणून मेंदूचा एमआरआय होतो. घाम फुटतो म्हणून थायरॉईड तपासतात, आणि ते तपासायलाच हवं, मीही तपासते. सारखं शौचाला होतं, पोटात गोळा येतो, म्हणून ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतात. फाइल जाड होत जाते. हे एकटं असताना होतं की लोक बघत असताना, हे मात्र त्या सगळ्या प्रवासात कुणी विचारलेलं नसतं.

बँकेत रोखपाल असलेल्या एक बाई अशाच जाड फाइलसकट आल्या होत्या. (इथे सांगितलेल्या सगळ्यांचे तपशील ओळख पटू नये इतपत बदलले आहेत.) दारात रांगोळी काढताना त्यांचा हात कापत नव्हता, घरी हिशेबाची वही लिहिताना कापत नव्हता. काउंटरपलीकडचा माणूस पेनाच्या टोकाकडे बघायला लागला की कापायचा. त्यांनी एकदा बढती नाकारली होती, कारण अधिकारी झालं की सगळ्यांदेखत सह्या कराव्या लागतात आणि मीटिंगमध्ये बोलावं लागतं. घरी कारण सांगितलं होतं मुलांच्या शाळेचं. नवऱ्याला खरं कारण माझ्यासमोर पहिल्यांदा कळलं, आणि त्या दिवशी ते दोघंही बराच वेळ काही बोलले नाहीत.

आपल्याकडे हे खपून जातं, कारण हा स्वभाव समजला जातो. मुलगी असेल तर शांत आहे म्हणून कौतुक होतं. मुलगा असेल तर बुजरा, बावळट, घरकोंबडा. वैद्यकशास्त्राची कथाही फार वेगळी नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-सूचीत या आजाराला स्वतंत्र जागा मिळाली ती १९८० साली. त्यानंतर पाच वर्षांनी न्यूयॉर्कच्या मायकेल लिबोविट्झ आणि सहकाऱ्यांनी त्यावर लेख लिहिला, तेव्हाही त्यांना हा दुर्लक्षित आजार आहे असंच म्हणावं लागलं. आजही रुग्णाची भीती मोजायला मी जी चोवीस प्रश्नांची पट्टी वापरते ती याच लिबोविट्झ यांची. त्यात लोकांसमोर जेवणं, फोनवर बोलणं, कुणी बघत असताना लिहिणं, दुकानात वस्तू परत करणं, असे साधे प्रसंग असतात. ती पट्टी भरताना पुष्कळ जण मध्येच थांबतात आणि विचारतात, "म्हणजे हे दुसऱ्यांनाही होतं?"

मग औषधाचा विषय निघतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो. तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदारांनी तो असा विचारला होता : "मॅडम, डोक्याची गोळी एकदा सुरू झाली की सुटत न्हाई म्हणत्यात. पोराला सवय लागंल का?" पोरगा शेजारी मान खाली घालून बसला होता. इंजिनिअर झालेला. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या दाराशी जाऊन दोनदा परत आलेला. आता बागेत राबत होता, पण मजुरांना हाक मारायची झाली तरी वडलांना पुढे करायचा. अनोळखी नंबरचा फोन उचलायचा नाही. मुलगी बघायच्या कार्यक्रमाच्या आदल्या रात्री त्याला उलट्या व्हायच्या.

त्यांना मी जे सांगितलं, ते इथे जरा सविस्तर सांगते.

मेंदूच्या देठात सेरोटोनिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशींचे समूह असतात. त्यांचे तंतू मेंदूभर पसरलेले असतात. कानशिलाच्या आत खोलवर अमिग्डाला नावाचा लहानसा भाग आहे, धोक्याची चाहूल घेणं हे त्याचं काम, तिथेही ते पोचतात. पेशीच्या टोकातून सेरोटोनिन दोन पेशींमधल्या फटीत सोडलं जातं, पलीकडच्या पेशीला निरोप मिळतो, आणि मग सोडणारी पेशीच ते पुन्हा आत ओढून घेते. एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन ही औषधं हे परत ओढणं अडवतात, त्यामुळे सेरोटोनिन फटीत जास्त वेळ टिकतं. हे काम पहिल्या गोळीनंतर काही तासांतच सुरू होतं. तरी माणसाला फरक जाणवायला चार ते सहा आठवडे जातात, या आजारात कधी बारासुद्धा. कारण फटीतलं सेरोटोनिन वाढलं की सोडणाऱ्या पेशीवरचे रिसेप्टर तिला आवर घालतात. ते रिसेप्टर सैल पडायला आणि पुढची सगळी साखळी नव्याने जुळायला वेळ लागतो. हे मी प्रत्येकाला सांगते, कारण पंधरा दिवसांत काही झालं नाही म्हणून गोळी सोडणारे फार आहेत.

"मेंदूत एक केमिकल कमी पडलंय, ते आपण भरून काढू," असं सांगायची पद्धत आमच्या क्षेत्रात चांगलीच रुळलेली आहे. ते ऐकायला बरं वाटतं, रुग्णाची शरम कमी होते, बोलणं लवकर आटपतं. पण मी ते सांगत नाही, कारण ते खरं असल्याचं दिसत नाही. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली या आजाराच्या रुग्णांचे पेट स्कॅन प्रसिद्ध केले. त्यांच्या अमिग्डालात सेरोटोनिन इतरांपेक्षा जास्त तयार होत होतं, आणि जितकं जास्त तितकी भीती अधिक होती. म्हणजे कमतरता भरून काढण्याची गोष्ट तिथेच संपते. औषध त्या सगळ्या व्यवहाराचा तोल बदलतं, इतकंच आज प्रामाणिकपणे म्हणता येतं. मला वाटतं रुग्णाला एवढं खरं पेलतं. तो भित्रा असतो, पण बुद्धीने कमी नसतो.

त्याच उप्सालातलं आणखी एक काम मला रोज उपयोगी पडतं. २००२ साली तिथे अठरा रुग्णांचे तीन गट केले होते. एकाला सिटालोप्राम दिलं, दुसऱ्याला गटात बसून विचार आणि वर्तन बदलण्याचा उपचार, म्हणजे सीबीटी दिला, तिसऱ्या गटाला थांबायला सांगितलं. आधी आणि नऊ आठवड्यांनंतर त्यांना लोकांसमोर भाषण करायला लावलं आणि त्या वेळी मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. औषध आणि सीबीटी, दोन्ही गटांत जे सुधारले त्यांच्या अमिग्डालातली खळबळ उतरली होती. गोळीने जावं किंवा बोलण्याने जावं, पोचायचं ठिकाण मेंदूत जवळपास एकच होतं. "डॉक्टर, हे मनाचं आहे की मेंदूचं?" असं कुणी विचारलं की मी हा अभ्यास सांगते.

इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २०१३ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत मोठ्या माणसांसाठी आधी सीबीटी सुचवली आहे. ज्यांना ती नको असेल त्यांच्यासाठी औषध. मलाही तोच क्रम पटतो. पण जिल्ह्याच्या गावी तो पाळणं कठीण आहे. नीट शिकलेला चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ इथे शोधून सापडत नाही, सापडला तर आठवड्याला तासभर काढून बारा-पंधरा वेळा येणं शेतकऱ्याला, दुकानातल्या पोऱ्याला, परिचारिकेला जमत नाही. शिवाय पुष्कळांची भीती इतकी वर चढलेली असते की अनोळखी माणसासमोर तासभर बसून बोलायचं, हीच त्यांना शिक्षा वाटते. म्हणून माझ्याकडे बरेचदा गोळी आधी येते. फक्त ती एकटी जाऊ नये याची मी फार काळजी घेते.

त्या बागायतदारांच्या मुलाला मी एसिटालोप्रामच्या नेहमीच्या मात्रेच्या निम्म्यावर सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात मळमळेल, झोप बिघडेल, कदाचित बेचैनी थोडी वाढेलच, हे आधी बजावलं. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत सुरुवातीच्या काळात जिवावर उदार होण्याचे विचार क्वचित बळावू शकतात, तशी अधिकृत ताकीदच या औषधांना आहे. मुलगा चोविशीतला होता, म्हणून वडलांनाही बसवून ते सांगितलं आणि माझा नंबर दिला. चौथ्या दिवशी फोन आलाच, मळमळ होतेय म्हणून. आधी सांगितलेलं होतं, त्यामुळे गोळी सुटली नाही.

सहाव्या आठवड्यात तो एकटा आला. काही फरक? "विशेष नाही." मग थोड्या वेळाने म्हणाला, "अनोळखी फोन वाजला तर पोटात पहिल्यासारखा गोळा येत नाही. पण मी अजून उचललेला नाही."

या टप्प्यावरच उपचार फसतो किंवा पुढे जातो, असं माझं इतक्या वर्षांचं मत आहे. रसायनाने आपलं काम केलेलं असतं. शरीर आता पहिल्यासारखं पेटत नाही. पण दहा वर्षं पाळलेल्या सवयी तशाच असतात : टाळायचं, दुसऱ्याला पुढे करायचं, मागच्या रांगेत बसायचं. त्या गोळीने जात नाहीत. त्यासाठी माणसाला भीतीच्या जागी जावं लागतं, तिथे थांबावं लागतं आणि काही वाईट झालं नाही हे स्वतः अनुभवावं लागतं. गोळीने भीती उतरलेली असते तेव्हा हे जमण्यासारखं असतं, आणि तो काळ वाया घालवू नये.

आम्ही एक यादी केली, सोप्यापासून अवघडाकडे. किराणा दुकानात दोन वस्तूंचे भाव विचारून काही न घेता परत यायचं. खतवाल्याला फोन करायचा. लग्नात पंगतीच्या मधोमध बसून जेवायचं, कडेला नाही. द्राक्ष बागायतदारांच्या चर्चासत्रात उभं राहून एक प्रश्न विचारायचा. सगळ्यात शेवटी होता बेदाण्याचा सौदा. तासगावच्या बाजारात बेदाण्याचे सौदे निघतात तेव्हा व्यापारी, अडते, शेतकरी सगळे दाटीवाटीने उभे असतात, आवाज चढलेले असतात. तिथे आपल्या मालाचा भाव पटला नाही तर सगळ्यांदेखत नाही म्हणायचं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला विहिरीत ढकलतेय.

वडलांना मात्र ते लगेच उमगलं. ते म्हणाले, "म्हंजे गोळी म्हंजे पाठीला बांधलेला रॉकेलचा डबा. बुडू देत न्हाई. पर हातपाय त्यानंच मारायचे." विहिरीत पोरांना पोहायला शिकवणाऱ्या माणसाने ते एका वाक्यात सांगितलं. त्यांच्या परवानगीने ते मी इतर रुग्णांना सांगते.

सौद्याला तो गेला, पण एका दमात नाही. एकदा बाजाराच्या फाटकापर्यंत, एकदा आत जाऊन कडेला उभा राहून. मग एकदा भाव कमी आला तेव्हा म्हणाला, "नाही देत." आवाज फुटला नाही म्हणे, पुन्हा म्हणावं लागलं. पण म्हणाला. त्या दिवशी तो सांगायला आला तेव्हा मला स्वतःला फार आनंद झाला, तो मी लपवलाही नाही.

सांगली ही नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच 'सीता स्वयंवर' केलं. त्यामुळे माझ्याकडे हौशी नटमंडळीही येतात, आणि बऱ्याच जणांना हवी असते 'स्टेजवरची गोळी'. म्हणजे प्रोप्रॅनोलॉल. सर जेम्स ब्लॅक यांनी हे औषध हृदयरोगासाठी घडवलं, १९८८ चं नोबेल त्यांना मिळालं. ते भीतीच्या मुळाशी जात नाही. ॲड्रेनलिनचा शरीरावरचा परिणाम अडवतं, त्यामुळे धडधड आणि हाताचं कापणं कमी होतं. एखाद्या प्रयोगापुरती, तोंडी परीक्षेपुरती भीती असेल तर तासभर आधी घेतलेली छोटी मात्रा काही जणांना उपयोगी पडते. दमा असलेल्याला मात्र ते धोक्याचं, म्हणून मैत्रिणीची गोळी मागून घेऊ नये.

पण असाही एक नट पाहिला आहे जो राज्य नाट्य स्पर्धेत तीन अंकी नाटक विनासायास उभं करायचा आणि प्रयोगानंतरच्या चहाला पळून जायचा. रंगमंचावर संवाद लिहिलेले होते, चहाला लिहिलेले नव्हते. त्याचा आजार स्टेजचा नव्हताच. अशांना प्रोप्रॅनोलॉलचा फारसा उपयोग नाही, हे अभ्यासांतही दिसलेलं आहे. त्याला सर्ट्रालिन दिलं आणि कामगिरी दिली चहाची.

अल्प्राझोलामबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. ही गोळी अर्ध्या तासात शांत करते, म्हणून ती लोकांना खरी गोळी वाटते. ती मेंदूतल्या गाबा या दुसऱ्याच रसायनाचा परिणाम वाढवते. सवय लागायची भीती जिच्याबाबत रास्त आहे ती ही. मात्रा वाढवावीशी वाटते, अचानक थांबवली तर भीती दुप्पट होऊन परत येते, फिटसुद्धा येऊ शकते. शिवाय ती घेऊन माणूस सौद्याला गेला तर हातपाय मारायला शिकत नाही, श्रेय गोळीलाच देतो. कायद्याने ती एच-१ परिशिष्टात आहे, चिठ्ठीशिवाय देता येत नाही आणि मेडिकलवाल्याला नोंद ठेवावी लागते. तरी वडलांच्या झोपेच्या पाकिटातली अर्धी गोळी घेऊन इंटरव्ह्यूला गेलेली मुलं मला भेटतात. दारूचंही तसंच. "दोन घेतल्या की चारचौघांत बोलता येतं," असं म्हणणाऱ्या कितीतरी जणांच्या व्यसनाखाली मला हा आजार सापडला आहे. व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर आल्यावर ते पुन्हा पितात, कारण लोक बाहेरच असतात.

सेरोटोनिनवरची औषधंही सगळ्यांना लागू पडत नाहीत. पॅरॉक्सेटिन हे या आजारासाठी अमेरिकेत मान्यता मिळालेलं पहिलं औषध, १९९९ साली. त्याच्या १९९८ मधल्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के बरेच सुधारले, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे २४ टक्के. फरक मोठा आहे, पण औषध घेऊनही न सुधारलेले जवळजवळ निम्मे होते हेही त्याच आकड्यात आहे. अशांसाठी मात्रा बदलावी लागते, दुसरं औषध, कधी व्हेन्लाफॅक्सिन, वापरून पाहावं लागतं, सीबीटीसाठी पुण्या-कोल्हापूरकडे किंवा हल्ली व्हिडिओवर पाठवावं लागतं. काही जण तरीही पुरते मोकळे होत नाहीत. त्यांनाही मला भेटायचं असतं आणि मी भेटते.

लैंगिक इच्छा आणि क्षमता मंदावणं हा या औषधांचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. तो रुग्ण आपणहून सांगत नाही, त्यातही ज्याचा आजारच लाजेचा तो तर नाहीच. नुकतं लग्न झालेला मुलगा गुपचूप गोळी सोडतो आणि महिन्याभरात पुन्हा खोलीत बसतो. म्हणून मीच विचारते, सरळ शब्दांत. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. पण कळलं तर.

थांबवण्याचंही तसंच. बरं वाटल्यावर निदान सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवावं, असं मी सांगते. पॅरॉक्सेटिनने बरे झालेल्यांच्या एका चाचणीत पुढचे चोवीस आठवडे औषध चालू ठेवलेल्यांपैकी १४ टक्क्यांना आजार उलटला, नकळत साखरेच्या गोळीवर आणलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना. आणि सोडायचं ते पायरीपायरीने. एकदम सोडलं की चक्कर येते, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, आणि "बघा, लागली ना सवय" म्हणून घरचे हात झटकतात. तासगावच्या मुलाची गोळी आम्ही दीड वर्षाने, द्राक्षांचा हंगाम उरकल्यावर, तीन-चार महिने घेऊन कमी केली. घाईच्या दिवसांत नको, असा आग्रह त्याचाच होता आणि तो बरोबर होता.

उप्सालाच्या मंडळींचा २०१७ मधला एक अभ्यास मी शिकाऊ डॉक्टरांना आवर्जून सांगते. सगळ्या रुग्णांना एकाच मात्रेत एसिटालोप्राम दिलं. अर्ध्यांना खरं सांगितलं, की हे परिणामकारक औषध आहे. अर्ध्यांना सांगितलं, की ही निव्वळ तुलनेसाठीची गोळी आहे, दुष्परिणाम जाणवतील पण भीती कमी होणार नाही. पहिल्या गटात निम्मे सुधारले, दुसऱ्यात १४ टक्के. औषध तेच, नऊ आठवडे. अडीच मिनिटांत चिठ्ठी लिहून "महिन्याने या" म्हणणारा डॉक्टर औषधाचा मोठा हिस्सा टेबलावरच ठेवून देतो, असं मला हा अभ्यास वाचल्यापासून वाटतं. आमच्या बाह्यरुग्ण विभागांची गर्दी मला माहीत आहे. तरी हे बोलणं टाळता येणार नाही.

शेवटी पालकांना आणि शिक्षकांना एक विनंती आहे. हा आजार बहुधा तेरा-चौदाव्या वर्षी सुरू होतो. माझ्याकडे येतात ते पंचविशी-तिशीत, नोकरी हुकल्यावर किंवा लग्न अडल्यावर. मधली दहा-पंधरा वर्षं वर्गात हात वर न करण्यात, डबा एकट्याने खाण्यात, गॅदरिंगच्या दिवशी आजारी पडण्यात गेलेली असतात. त्या वयात बहुतेक मुलांना गोळी लागतही नाही, धीराने, टप्प्याटप्प्याने सराव करून घेणारं माणूस लागतं. तेव्हा तोंडी परीक्षेला ततपप होणाऱ्या, पाहुणे आले की आतल्या खोलीत जाणाऱ्या मुलाला चारचौघांत हसू नका, ढकलूही नका. त्याला एकट्याला विचारा. जवळ कुणी तज्ज्ञ नसेल तर १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर फोन लावा, तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मुलाला फोनवर बोलायची भीती वाटत असेल, तर पहिला फोन तुम्ही करा.